अनुभव देतो म्हणून पगार नाही, हे आता थांबवा : प्रादेशिक विमान कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
लहान प्रादेशिक विमान कंपन्यांचे मालक व व्यवस्थापक,
तसेच नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) अधिकारी

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एका कंपनीने नुकतीच नागपुरात ट्रेनी टेक्निशियनची भरती केली. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावचा एक मुलगा तिथे निवडला गेला. नात्याने माझा चुलतभाऊ. घरी पेढे वाटून झाले आणि मग नेमणुकीचा कागद आला. पहिले सहा महिने काहीही मिळणार नाही. त्यानंतर महिन्याला आठ हजार रुपये 'प्रशिक्षण भत्ता'. तीन वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडलं तर तीन लाख रुपये भरायचे. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा. राहण्या-जेवणाची सोय ज्याची त्याने बघायची. आणि या सगळ्याच्या खाली एक ओळ : उमेदवाराला मिळणारा अनुभव हाच त्याचा मुख्य मोबदला राहील.

मी सुट्टीवर गावी आलो होतो. कागद घेऊन तो माझ्याकडे आला. "दादा, तू याच्यातूनच गेला ना. जाऊ का नको, सांग मंग." त्याला पटकन हो म्हणायला जीभ वळेना, आणि नाही म्हणावं तर पुढचा रस्ताच बंद होतो. तो का बंद होतो हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे उत्तर त्याला एकट्याला न देता तुम्हाला लिहून देतो आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. अशा अटींचे कागद मी एकाहून जास्त ठिकाणचे पाहिले आहेत. प्रश्न एकाच कंपनीचा असता तर त्यांच्या एचआरला फोन करून बोललो असतो.

मी बी-१ परवानाधारक विमान देखभाल अभियंता आहे, म्हणजे लोक ज्याला एएमई म्हणतात तो. विमान वैमानिक उडवतो, पण ते उडण्याच्या लायकीचं आहे असं लिहून खाली सही करणारा माणूस आमच्यातला असतो. ज्या तालुक्यातून जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडली, तिथून मी विमानापर्यंत पोचलो. वडील कास्तकार, वावरात कापूस आणि तूर. माझ्या शिक्षणासाठी बँकेचं कर्ज झालं, आणि ते पुरलं नाही म्हणून वरचे पैसे बाहेरून उचलावे लागले. पुढे मी एका छोट्या प्रादेशिक कंपनीतच घडलो. आज माझं बरं चाललं आहे, त्यात त्या दिवसांचा मोठा वाटा आहे. तो नाकारायला मी बसलेलो नाही.

वाचणाऱ्या सगळ्यांना या धंद्यातली माहिती नसेल, म्हणून थोडं सांगतो. बारावी सायन्सनंतर मान्यताप्राप्त संस्थेत एएमईचा कोर्स करता येतो. गणित, वीज, टर्बाइन इंजिन, प्रोपेलर, कायदे, मानवी चुका अशी एकेक मॉड्यूल, म्हणजे विषयवार परीक्षा, द्यावी लागतात आणि पास व्हायला ७५ टक्के गुण लागतात. एवढं करूनही परवाना मिळत नाही. डीजीसीएच्या सीएआर-६६ या परवाना नियमांप्रमाणे बी-१ परवान्यासाठी मान्यताप्राप्त कोर्स केलेल्याला दोन वर्षं आणि कुठलंही तांत्रिक शिक्षण नसलेल्याला पाच वर्षं चालू विमानांच्या देखभालीचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. केलेलं प्रत्येक काम लॉगबुकात लिहायचं आणि त्यापुढे परवानाधारकाची सही घ्यायची. नियम योग्य आहे. पुस्तक वाचून कोणी विमानाला हात लावू नये, या मताचा मी आहे.

पण या नियमामुळे काय होतं तेही बघा. मुलाला अनुभव हवा असतो तो शौक म्हणून नाही. त्यावाचून त्याची सगळी वर्षं आणि सगळी फी पाण्यात जाते. मोठ्या कंपन्यांच्या दारात रांग लांब असते. उरता तुम्ही. ही गरज तुम्हाला दिसते आणि तिच्यावरूनच तुम्ही पगार ठरवता.

तुम्ही देता तो अनुभव खरा आहे, हे मी आधीच मान्य करतो. मोठ्या तळावर ट्रेनी वर्षभर चाकं बदलणाऱ्या टोळीतच अडकून राहू शकतो. छोट्या कंपनीत रात्री मुक्कामाला एटीआर-७२ हे सत्तर सीटचं पंख्याचं विमान उतरतं तेव्हा खाली एक इंजिनिअर आणि एक टेक्निशियन असतो, बस्स. चाकांना चोक (अडसर) लावण्यापासून सगळं त्या दोघांनी बघायचं. मला ब्रेक तपासायला शिकवलं ते असंच, धावपट्टीच्या कडेला, टॉर्च तोंडात धरून. ब्रेक लावलेले असताना वेअर पिन, म्हणजे ब्रेकची झीज दाखवणारी पिन, किती बाहेर दिसते ते पाहायचं. पिन आत जाऊन सपाट बसली की तो ब्रेक पुढच्या उड्डाणाला चालत नाही, मग मुंबईहून कितीही फोन येवोत. लॉक वायर बांधायला शिकलो तेही तिथेच. तार नुसती पिळून भागत नाही. बोल्ट सैल होऊ लागला तर तारेने त्याला घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढलं पाहिजे. आमच्या सिनिअरनी माझी तार कापून टाकली आणि पुन्हा बांधायला लावली. मनासारखी झाली तेव्हाच लॉगबुकात सही केली. सहा पात्यांचा प्रोपेलर, पीडब्ल्यू-१२७ इंजिन, लँडिंग गिअर, सगळ्याला माझे हात तिथे लागले. हे मला दुसरीकडे इतक्या लवकर मिळालं नसतं.

मात्र त्या रात्री मी विद्यार्थी होतो तसाच कामगारही होतो. मी तपासलेलं विमान सकाळी सत्तर माणसं घेऊन उडालं. त्यांच्या तिकिटाचे पैसे तुम्हाला मिळाले. मी नसतो तर तेच काम करायला तुम्हाला दुसरा माणूस पगारावर ठेवावा लागला असता. मला मिळालेला अनुभव माझ्याच कामातून तयार झाला, तो तुमच्या गोदामातून काढून मला दिलेला नव्हता. मग तो पगारातून वळता कसा होतो? आमच्याकडे सालगडी सुद्धा वावरात राहून शेती शिकतो, म्हणून कोणी त्याचं साल बुडवत नाही.

आता माझ्या तक्रारी लिहितो. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सगळ्यात आधी पगार. सहा महिने शून्य आणि मग आठ हजार, यात महानगरात विमानतळाजवळ कोण राहू शकतं? ज्याच्या घरी दरमहा पगार येतो तो मुलगा राहू शकतो. कास्तकाराच्या घरात कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि येण्याआधीच वाटले गेलेले असतात. पोराला दरमहा खोलीभाडं पाठवायचं तर घरचा माणूस उसनवारीच करतो. माझ्या वर्गातली हुशार मुलं याच टप्प्यावर सुटली. त्यातला एक आज नागपूर रोडवर ढाब्याचा हिशेब सांभाळतो. मॉड्यूल त्याने माझ्या आधी काढली होती. तुमच्या अटी हुशारी बघून निवड करत नाहीत, बापाची ऐपत बघून करतात, आणि यात नुकसान तुमचंही आहे.

कायद्याचं सांगायचं तर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात आणि त्यांना विद्यावेतन द्यायचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षणानुसार महिन्याला किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरले. पहिले सहा महिने शून्य असा प्रकार त्यात बसत नाही. मुलगा शिकाऊ असेल तर त्याची रीतसर नोंदणी करा आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन द्या. कामगार असेल तर कामगाराचं वेतन द्या. तुम्ही त्याला पैसे देताना शिकाऊ म्हणता आणि रात्रपाळी लावताना कामगार म्हणता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं आहे. त्या पत्रात त्याला नेमकं काय म्हटलं आहे, हे तरी स्पष्ट लिहा.

बॉण्डचं थोडक्यात सांगतो. टाइप ट्रेनिंगवर, म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणावर, कंपनीने खरंच खर्च केला असेल तर तो वसूल करण्यापुरता बॉण्ड मी समजू शकतो. ज्याच्यावर छदाम खर्च केला नाही त्याच्याकडून तीन लाख कशाचे? आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याला तर काहीच आधार नाही. त्या त्याच्या आहेत, परत द्या.

पुढची तक्रार लॉगबुकाची, आणि ती पगाराइतकीच जड आहे. परवान्यासाठी नुसती दोन वर्षं भरून चालत नाहीत. वेगवेगळ्या प्रकारच्या कामांचा अनुभव दिसावा लागतो. ट्रेनीला केबिन साफ करायला, सामान उतरवायला, फायली चिकटवायला लावलं की वर्ष भरतं आणि लॉगबुक कोरं राहतं. त्यातही सही अडवून ठेवली जाते. 'आधी डबल शिफ्ट कर, मग बघू', 'सुट्टी मागितलीस ना, आता पुढच्या महिन्यात ये', हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सही करणारा माणूस कंपनी सोडून गेला की त्याच्या हाताखाली केलेल्या कामांवर सही कोण करणार, हा प्रश्न मुलाच्याच गळ्यात पडतो. कंपनीच बंद पडली तर विचारूच नका. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ ला जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. या तर मोठ्या होत्या. छोटी कंपनी बंद होते तेव्हा पेपरात चार ओळी येतात आणि ट्रेनींच्या हातात अर्धवट वह्या राहतात. अनुभव हाच मोबदला म्हणता ना? मग लॉगबुकातली सही हा पगारच झाला, आणि ती अडवणं म्हणजे पगार अडवणं.

आता जे सांगतो ते प्रवाशांनीही वाचावं.

मॉड्यूल ९ मध्ये तुम्ही-आम्ही सगळे मानवी चुका शिकतो. १९९३ मध्ये कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँट यांनी मांडलेली 'डर्टी डझन' नावाची बारा कारणं तिथे पाठ करून घेतात. थकवा, दडपण, अपुरी साधनं, ठामपणे बोलता न येणं ही त्यातलीच. १० जून १९९० चं उदाहरण प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं आणि सगळे वाचले. त्याआधीच्या एका रात्रपाळीत ती काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा बारीक लागले होते. माणसं कमी म्हणून शिफ्टच्या प्रमुखाने ते काम स्वतः अंगावर घेतलं होतं आणि नवे बोल्ट जुन्याशी नजरेनं ताडून निवडले होते. तो अनुभवी माणूस होता, तरी असं झालं.

आता त्या जागी आमच्या गावचा मुलगा ठेवून बघा. रात्रीचे दोन वाजलेत. दिवसभर त्याने दुसरीकडे काम केलं आहे, कारण आठ हजारांत भागत नाही. डब्याऐवजी त्याने वडापाव खाल्ला आहे. त्याला वाटतं, हा टॉर्क, म्हणजे बोल्ट किती घट्ट बसलाय ते, पुन्हा तपासला पाहिजे. पण सकाळचं विमान लेट झालं तर साहेब चिडणार, आणि लॉगबुकावर त्याच साहेबाची सही हवी आहे. तो बोलेल का? बोलणारे असतात, मी पाहिले आहेत. पण विमानाची सुरक्षितता त्याच्या धाडसावर सोडू नये, यासाठीच तर हे सगळे नियम लिहिले गेले. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचा विषय न्यायालयापर्यंत गेला आणि १ जुलै २०२५ पासून ती ३६ तासांवरून ४८ तास झाली. योग्यच झालं. खाली उभ्या असलेल्या पोराच्या झोपेबद्दलही कोणीतरी बोललं पाहिजे.

तुमची बाजू मला माहीत आहे. विमानं भाड्याची, भाडं डॉलरमध्ये, इंधन महाग, सत्तर सीटचं विमान आणि त्यातल्या सरकारच्या उडान योजनेतल्या जागांवर तिकीटदराची मर्यादा. एक विमान बिघडून उभं राहिलं तर दिवसभराचं वेळापत्रक कोसळतं. ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच सरकारने तुम्हाला मदत देऊ केली. २०१६ च्या उडान योजनेत ठरावीक मार्गांवर तीन वर्षं तूट भरून देण्याची तरतूद आहे. त्यातला एक वाटा राज्य सरकार उचलतं. त्यासाठीचा निधी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून शुल्क घेऊन उभा केला जातो. प्रादेशिक विमानतळांवर इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणण्याचं राज्यांनी मान्य केलं. हे सगळं जनतेच्या पैशातून होतं, आणि ते व्हावं असं मलाही वाटतं. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोराहून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा आमच्या भागातल्या माणसांना झालेला आनंद मी पाहिला आहे. गोंदियाच्या बिरसीला मार्च २०२२ मध्ये सेवा आली, काही महिन्यांत गेली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आली. यवतमाळजवळ भारीची धावपट्टी अजून नियमित प्रवासी विमानाची वाट पाहते आहे. आम्हाला विमान हवं आहे. पण विमानाच्या तोट्याला जनतेचा हातभार मिळत असेल, तर त्याच विमानाखाली राबणाऱ्या मुलाला बिनपगारी ठेवण्याची मुभा त्यासोबत मिळू नये.

आता मंत्रालय आणि डीजीसीएला सांगतो. अनुभवाची अट तुम्ही घातली आहे. मग तो अनुभव कोणत्या अटींवर विकला जातो, याची जबाबदारीही तुमच्याकडे येते. कंपनीच्या ऑडिटमध्ये तुम्ही टूल कॅलिब्रेशनची तारीख बघता, स्टोअरचं तापमान बघता. त्याच ऑडिटमध्ये ट्रेनीची हजेरी, त्याचं विद्यावेतन आणि त्याचं लॉगबुकही बघा. अनुभव द्यायचे म्हणून उलट मुलांकडूनच पैसे मागणारे दलाल कोर्स संपता संपता भेटायला लागतात. मलाही भेटले होते. त्यांचा धंदा चालतो कारण अधिकृत दार अरुंद आहे.

चुलतभावाला मी शेवटी काय सांगितलं तेही लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेली मुलं वर्धा, वाशीम, बुलडाण्यातही आहेत. मी म्हणालो, पैसे कमी मिळतील म्हणून नाही म्हणू नको. सुरुवातीला कमी पगारावर चांगलं काम शिकायला मिळत असेल तर ते घ्यावं, मीही घेतलं. पण कमी पगार आणि शून्य पगार यात फरक आहे. कोणत्या विमानावर, कोणत्या विभागात, कोणाच्या हाताखाली काम करायचं आणि लॉगबुकावर किती दिवसांनी सही मिळणार, हे लेखी घे. मूळ गुणपत्रिका देऊ नको, झेरॉक्स दे. हे लेखी द्यायला कंपनी तयार नसेल तर ती अनुभवही देणार नाही, फक्त काम करून घेईल. त्याने तसं पत्र लिहून कंपनीला पाठवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. ट्रेनी टेक्निशियनला पहिल्या दिवसापासून पैसे मिळावेत आणि त्या शहरात खोली, जेवण आणि येणंजाणं भागेल इतके तरी मिळावेत. मूळ कागदपत्रं ठेवून घेणं ताबडतोब बंद व्हावं. बॉण्डची रक्कम प्रत्यक्ष प्रशिक्षण खर्चाच्या पावत्यांपुरतीच असावी आणि सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक ती कमी होत जावी. केलेल्या कामावर ३० दिवसांच्या आत लॉगबुकात सही मिळावी. सही नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं, आणि त्यावर डीजीसीएच्या प्रादेशिक कार्यालयात दाद मागता यावी. कंपनी बंद पडली किंवा सही करणारा सोडून गेला, तर टास्क कार्ड (कामाच्या नोंदीचे कागद) आणि हजेरीच्या नोंदींवरून अनुभव ग्राह्य धरण्याची पद्धत डीजीसीएने ठरवून जाहीर करावी. रात्रपाळीच्या आधी आणि नंतर विश्रांतीचे किमान तास ट्रेनींनाही लागू व्हावेत.

मंत्रालयाकडे एक मागणी वेगळी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात उडानमध्ये १२० नवी ठिकाणं जोडण्याची घोषणा झाली. त्या मार्गांच्या निविदांमध्ये एक कलम घाला : तुटीची भरपाई घेणाऱ्या कंपनीने देखभाल विभागातल्या प्रत्येक ट्रेनीला दिलेल्या विद्यावेतनाचा तपशील दर तिमाहीला सादर करावा, आणि तो सादर होईपर्यंत पुढचा हप्ता देऊ नये.

आपला,
एक परवानाधारक विमान देखभाल अभियंता
ता. दारव्हा, जि. यवतमाळ